ठोका कोणी द्यायचा

"आई, तुम्ही ढोल जरा हळू वाजवाल का?"

चर्चच्या हॉलमध्ये तीसेक माणसं वाद्यं घेऊन बसली होती. माझ्या शेजारी पितळी कॉर्नेट पुसत बसलेल्या पेद्रूचा हात थांबला. मला असं कोणी बोललं की पुढे काय होतं ते त्यानं पुष्कळदा पाहिलं होतं.

बोलणारी माझी सून, लविना. माझ्या ऑल्विनशी लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. पुण्याच्या कॅम्पात वाढलेली, अंगानं काडी, आवाज त्याहून बारीक, आणि हातात ताल दाखवायची एक पांढरी छडी, तीही तिच्यासारखीच. आमच्या केवडाआळीत, म्हणजे वसईकडच्या आमच्या गावात, बायका अजून तिला नावानं हाक मारत नव्हत्या. 'पुण्याची' म्हणत.

मी ढोलाचं टिपरू मांडीवर ठेवलं. "हळू म्हणजे किती हळू?"

"व्हायोलिनं ऐकू येतील इतकं."

"मग त्यांना सांग जोरात वाजवायला. मला कशाला सांगतेस?"

बँडवाले हसले. समोर व्हायोलिन घेऊन बसलेल्या मुली खाली बघायला लागल्या. लविना हसली नाही आणि रडलीही नाही. हे मला जरा खटकलं. माझ्यापुढे लोक दोहोंपैकी एक करतात.

"आणि तुम्ही ठोका माझ्या आधी देता," ती म्हणाली. "छडी खाली यायच्या आधी."

"मी तुझ्या आधी जन्मले, बाई."

पेद्रूनं कॉर्नेटमध्ये तोंड घालून हसू दाबलं, तर त्यातून म्हशीसारखा आवाज निघाला आणि सगळा हॉल हसत सुटला. त्या रविवारी पुढे काही धड वाजलं नाही.

ढोलाचं सांगून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारी उगाच अडून बसली होती. आमचे हे, बस्त्याव मेस्तरी, आळीच्या ब्रास बँडचे मालक. आसपासच्या गावांत लग्न ठरलं की तारीख आधी मेस्तरींना विचारायची, मग फादरना. आमच्या बँडात छडीबिडी काही नव्हती. मेस्तरी पुढे कॉर्नेट वाजवायचे आणि बाकी सगळे चालायचे मोठ्या ढोलावर. ढोल थांबला की बँड थांबला. थांबलेला बँड उठवायचा तोही ढोलानं. दोन ठोके, आणि चाल पहिल्यापासून. वरात भर रस्त्यात असली आणि चर्चची संध्याकाळची घंटा झाली, तर मेस्तरी सूर अर्ध्यात सोडून टोपी काढायचे. नवरानवरीसकट सगळी वरात जागच्या जागी उभी. प्रार्थना संपली की माझे दोन ठोके, आणि निघाली वरात. आमच्याकडे हे कोणी कोणाला शिकवत नाही. पोर चालायला लागतं तेव्हा त्याबरोबरच येतं.

माझे ठोके म्हणते, कारण ढोल माझा होता. एका लग्नाच्या सकाळी ढोलवाला तापानं पडला. माणसं हळहळत बसली, मी लाल लुगड्यावर ढोलाचा पट्टा चढवला. नवरीचा बाप मेस्तरींना म्हणाला, बाई ढोल वाजवणार? मेस्तरी म्हणाले, घरात रोज वाजवते, आज रस्त्यावर वाजवेल. त्या दिवसानंतर ढोलवाला बरा झाला, पण ढोल त्याला परत मिळाला नाही. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई. केळी विकली, फुलं विकली, तीन मुलं वाढवली, आणि चाळीस पुरुष माझ्या हाताकडे बघून पाऊल टाकायचे. हे किती बायकांना सांगता येईल, ते त्यांनी सांगावं.

मग लग्नांत ते भोंगे आले, डीजे आले. मेस्तरी गेले. वाद्यं माझ्या माळ्यावर गेली. दर वर्षी चर्चच्या सणाच्या आधी मी ती खाली काढायची, चिंच लावून घासायची, पुन्हा गुंडाळून वर ठेवायची. पेद्रू दर वर्षी यायचा. मेस्तरींच्या हाताखाली तयार झालेला तो, आमच्या बँडातला सगळ्यांत चांगला वाजवणारा. त्याला स्वतःची बँड पार्टी काढायची होती.

"काकी, माळ्यावर उंदीर वाजवतात का ती?"

"तुझ्यापेक्षा बरी वाजवतात."

"दे मला. मेस्तरींचं नाव चालवीन."

मी देत नव्हते. का ते मलाही सांगता आलं नसतं.

लविना माळ्यावर लोणच्याची बरणी काढायला चढली आणि क्लॅरिनेट घेऊन उतरली. केसांत जाळी, डोळे हे एवढे. "आई, वर एवढं सगळं कोणाचं आहे?"

"माझं."

"वाजवत कोणी नाही?"

"तू लोणचं आणायला गेली होतीस."

लोणचं राहिलं. तिनं तिकडे पुण्यात कुठे कुठे शाळांत, चर्चांत वाजवणारे हौशी लोक जमवून वाजवून घेतलं होतं, ते शिकूनच आली होती. आता इथे गावाचा ऑर्केस्ट्रा करायचा म्हणाली. ज्याला येतं तो, ज्याला येत नाही पण यावंसं वाटतं तोही. आळीत बातमी पसरली की कातरीनबायची सून ऑर्केस्ट्रा काढतेय. लोकांना वाटलं चमचमते कपडे घालून गाणी म्हणणार आणि मध्ये मध्ये विनोद सांगणार. दोन पोरी नाचायला नाव द्यायला आल्या. लविनानं त्यांच्या हातात व्हायोलिनं दिली. त्यांतली एक अजून वाजवते.

चर्चच्या गायनातल्या मुली आल्या, पोस्टातली मोनिका आली, बेकरीवाला आला, निवृत्त झालेले दोन मास्तर आले. आणि बँडवाले आले, कारण माझी वाद्यं माझ्या माणसांच्या हातात असणार ही माझी अट होती. दुसरी अट मी पेद्रूला समोर बसवून घातली.

"सणाला एक तुकडा वाजवून दाखवायचा. पहिल्यापासून शेवटापर्यंत, गावासमोर. तसं झालं तर वाद्यं हिची. मध्ये मोडला, तर दुसऱ्या दिवशी पेद्रूनं टेम्पो आणून ती न्यावीत."

"मेस्तरींची शपथ?" पेद्रूनं विचारलं.

"माझी जीभ पुरे."

लविना म्हणाली, "चालेल." आणि पेद्रूकडे वळून, "तोवर तुम्ही माझ्याकडे वाजवाल ना?"

"वाजवीन की," पेद्रू म्हणाला. "तू म्हणशील तसं." आणि माझ्याकडे बघून त्यानं डोळा मिचकावला. तो मुद्दाम बिघडवणारा माणूस नव्हता. त्याला माहीत होतं, बिघडवायची गरजच पडणार नाही.

तिनं निवडली होती आमचीच चाल. लग्नात नवरीकडच्या बायका विहिरीवर पाणी आणायला निघतात तेव्हा वाजते ती. बँडवाल्यांना झोपेत येते. पण हिनं ती उलगडून ठेवली होती. आधी नुसती व्हायोलिनं, अगदी संथ, जशी एकटी बाई रिकामा घडा घेऊन निघालीय. मग क्लॅरिनेट. मग एके ठिकाणी सगळं जवळजवळ गप्प, आणि तिथून पितळी वाद्यं हळूहळू वर चढत येणार, आणि अगदी शेवटी ढोल.

अगदी शेवटी. तोवर मी काय करायचं तर बसून राहायचं. बँडवाल्यांना ती चाल ऐकली की पाय आवरत नव्हते. व्हायोलिनं चार पावलं चालली की पेद्रूचा कॉर्नेट उसळी मारायचा, कॉर्नेट निघाला की माझा हात निघायचा, माझा हात निघाला की सगळे निघाले. व्हायोलिनं मागे राहायची, मुली वाजवायच्या थांबायच्या, आणि लविना छडी खाली ठेवायची. प्रत्येक रविवारी. दुपारभर. तो तुकडा शेवटापर्यंत एकदाही गेला नाही.

ती कोणावर ओरडत नव्हती. पुन्हा छडी उचलायची. म्हणायची, "माझ्याकडे बघा." आणि सगळे तिच्याकडे तोंड करून बसायचे आणि कानानं माझ्याकडे बघायचे.

सण आठवड्यावर आला तेव्हा एका संध्याकाळी मी वाडीतून आले, तर ही चुलीपुढे उभी. बोंबलाचं कालवण उकळतंय आणि हिच्या हातात पळी, हवेत.

"भूत उतरवतेस का कालवणातलं?"

ती दचकली, पण हात तसाच. "तो गप्प होतो ना भाग, आई, तिथे हात हलतोय माझा. तिथे हात हलला तर सगळे निसटतात."

"गप्प भागात हात कशाला हवाय? काही वाजत नाहीये तर खाली ठेव. जरा आराम कर."

"हात वर आहे तोवर तुकडा चालू असतो. आवाज नसला तरी."

"आवाज नसला तरी?" मी चटई झटकली. "मग मी अंगणात हात वर करून उभी राहते. गावाला सांग, कातरीनबायची मैफल आहे."

या वेळी ती हसली. मग पळी कालवणात घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, वाद्यं पेद्रूकाकांकडे गेली तरी चालतील. निदान वाजतील तरी. फक्त ढोल देऊ नका."

"का?"

"ढोल तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा वाटणार नाही."

मी चवीला मीठ कमी आहे म्हणून सांगितलं आणि आत गेले. मीठ बरोबर होतं.

सणाच्या दिवशी चर्चसमोरच्या मैदानात मंडप. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, दुपारचं जेवण, मग कार्यक्रम. लविनाची वेळ होती पाचची. तिला पुढे-मागे काय काय असतं याची कल्पना नव्हती. पाहुण्यांचे सत्कार झाले. ज्यांनी सत्कार केले त्यांचे सत्कार झाले. फादर जोएल दोन शब्द बोलतो म्हणाले आणि गावाच्या स्थापनेपासून सुरुवात केली. आम्ही मंचामागे वाद्यं घेऊन उभे. उन्हं उतरली, दिवे लागले, मोनिका व्हायोलिन सारखं सारखं जुळवत होती. लविना फिकट आकाशी साडीत, ओठ पांढरे.

पेद्रू माझ्या कानाशी आला. "टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय, काकी."

"त्याला जेवायला घाल मग. वाट बघावी लागेल."

शेवटी आम्ही बसलो. अख्खं गाव समोर, मागच्या बाजूला पोरं झाडांवर. तिनं छडी उचलली आणि व्हायोलिनं सुरू झाली.

खोटं कशाला सांगू, तशी ती हॉलमध्ये कधी वाजली नव्हती. गावानं पहिल्या ओळीलाच चाल ओळखली. बायकांच्या रांगेत कुजबूज झाली, मग तीही थांबली. क्लॅरिनेट आलं. पेद्रू खुर्चीच्या काठावर सरकला, पण भीड पडली असावी, थांबून राहिला. माझं टिपरू हातात. चाल त्या गप्प भागाकडे उतरत निघाली, एकेक वाद्य कमी होत, नुसत्या दोन व्हायोलिनांवर आली, आणि तेवढ्यात वर चर्चची घंटा झाली.

संध्याकाळची घंटा.

व्हायोलिनं सूर अर्ध्यात सोडून थांबली. बेकरीवाल्यानं टोपी काढली. आम्ही सगळे उभे राहिलो, समोर अख्खं गाव उभं राहिलं, झाडांवरची पोरं खाली उतरली. फादर मंडपाच्या तोंडाशी होते, त्यांनी तिथूनच प्रार्थना सुरू केली आणि गाव मागोमाग म्हणायला लागलं. रविवारच्या तालमी दुपारी व्हायच्या, उन्हं असतानाच संपायच्या, त्यामुळे हे कधी आडवं आलंच नव्हतं. वाजत असलेलं वाद्यही थांबतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. कोणाच्या मनातच आलं नव्हतं की सांगायचं असतं. शहरात घंटा होते, ज्याला म्हणायची तो मनात म्हणतो, रस्ता चालू राहतो. इथे सगळं थांबतं आणि थांबलं की पुन्हा पहिल्यापासून.

मी प्रार्थना म्हणत होते आणि डोळे मिटायचे सोडून तिच्याकडे बघत होते. देव मला तेवढं माफ करेल, मी त्याचं इतर खूप केलंय.

ती मागे वळली नाही. तिनं छडी खाली ठेवली नाही. हात जिथे होते तिथेच, छातीच्या वर, जसे त्या गप्प भागात असायचे. नुसते ओठ हलत होते, तीही प्रार्थना म्हणत होती. घंटा थांबत होती, प्रार्थना होत होती, घंटा पुन्हा होत होती. कोपर थरथरायला लागलं. पदर खांद्यावरून घसरला, तिनं सावरला नाही. हात खाली आले नाहीत.

आमेन झालं. गाव बसलं, आम्ही बसलो.

आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कॉर्नेट, क्लॅरिनेट, मागची मोठी पितळी वाद्यं, समोर पहिल्या रांगेत बसलेले बँडवाल्यांचे म्हातारे भाऊ, सगळ्यांच्या. पेद्रूनं कॉर्नेट ओठाला लावला आणि माझ्या उजव्या हाताकडे बघत बसला. दोन ठोके, चाल पहिल्यापासून. आमच्या चालीनं, रस्त्यावर वाजते तशी, कोणी हरकत घेतली नसती. गावानं टाळ्या दिल्या असत्या. मेस्तरींची आठवण काढली असती.

हात उचलायला फार काही लागत नाही. आयुष्यभर उचललेला हात तो.

मी टिपरू मांडीवर आडवं ठेवलं.

"काकी," पेद्रू दातांतून म्हणाला. "ठोका."

मी तोंड वळवलं आणि लविनाकडे बघत बसले. इतकं बघितलं की माझ्याकडे बघणाऱ्यालाही तिकडे बघावं लागलं. आधी पेद्रू वळला. मग त्याच्या मागचा. मग रांगच्या रांग. मंचावर एक माणूस असा राहिला नाही की ज्याची नजर त्या दोन हातांवर नव्हती.

तिनं हळूच गुणगुणून दाखवलं, जिथे तुटलं होतं तेवढीच एक ओळ, मुलींना ऐकू जाईल इतकीच. आणि छडी हलली.

दोन व्हायोलिनं अशी आली जशी मधली प्रार्थना त्या चालीतच लिहिली होती. तिनं डावा हात पेद्रूकडे केला. पेद्रू कधी कोणाची वाट बघत नाही, पण त्या दिवशी तो हात येईपर्यंत थांबला आणि आला तो इतका मऊ आला की मला वाटलं मेस्तरीच वाजवतायत. मग बाकीचे, एकेक करत, तिनं बोलावलं की. धावलं कोणी नाही. विहिरीवर घडा भरून घराकडे निघालेल्या बायका मला दिसत होत्या, समोरही दिसत होत्या, पदर डोळ्याला लावून बसलेल्या.

आता शेवट. लविना माझ्याकडे वळली. तिनं मला कधी हात केलाच नव्हता, मी तिला करू दिलाच नव्हता. तिनं बघितलं, आणि केला.

मी दिला ठोका.

शेवट झाल्यावर काही क्षण तिचे हात वरच राहिले आणि गावात कोणी टाळी वाजवली नाही. मग ती हात खाली आणते न आणते तोच जो गलका झाला, तो बिशपसाहेब आले होते त्या वर्षीही झाला नव्हता. बायका मंचावर चढल्या. कोणीतरी 'लविना, लविना' म्हणून हाका मारत होतं. 'पुण्याची' म्हणून हाक मी त्या संध्याकाळनंतर ऐकली नाही.

पेद्रू वाद्य पेटीत ठेवत होता. "मध्ये थांबलं होतं, काकी. अट होती, मोडायचं नाही."

"देवासाठी थांबलं. तुला देवाशी हुज्जत घालायची असेल तर फादर तिथे उभे आहेत."

त्यानं पेटीचं झाकण लावलं, पेटी माझ्यापुढे ठेवली, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उचलून काखेत धरली. "पुढचा सराव रविवारीच का?"

"तिला विचार."

"ते विचारतोच. पण काकी, ठोका का नाही दिलास?"

"हाताला घाम आला होता," मी म्हटलं. "टिपरू निसटलं असतं."

तो मान हलवून लविनाला शोधायला गेला. तो तिच्याकडे आजही वाजवतो, दात पडले तरी. आता ते साठ जण आहेत, वसईभरचे. त्यांतले निम्मे माझे कोणी लागत नाहीत, तरी दारावरून जाताना मला सांगून जातात, आजी, तालमीला निघालो.

त्या रात्री घरी चालत येताना ऑल्विन पुढे ढोल घेऊन, मागे आम्ही दोघी. लविनाचे हात लुळे पडले होते, तिला साडीच्या निऱ्याही धरवत नव्हत्या. मी तिची छडी माझ्या कमरेला खोचली होती. विहिरीपाशी आल्यावर ती म्हणाली,

"आई, शेवटी ढोल अजून जोरात चालला असता."

"मग हात तेवढा मोठा करायचास," मी म्हटलं. "मी तुझ्याकडेच बघत होते."